संपादक रजेवर आहेत

गेल्या 6 डिसेंबरला मी दादरला शिवाजी पार्कात एका पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभी होते. दरवर्षी जाते. आधी चैत्यभूमीची रांग, मग पार्कातले स्टॉल, मग पिशव्या सांभाळत लोकलने घर. 'मूकनायक'मधल्या अग्रलेखांचं एक पुस्तक हातात होतं, स्टॉलवरचे काका सुट्टे पैसे शोधत होते आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन कामावरून होता. मी रजेवर होते. रजा तीन आठवडे आधी मंजूर झालेली, टीमच्या कॅलेंडरवर लाल रंगात टाकलेली, मेलला आपोआप जाणारं उत्तरही लावलेलं. तरी फोन आला, कारण रात्री चालणारा एक जॉब मध्येच अडकला होता आणि तो कसा सोडवायचा हे टीममध्ये फक्त मला माहीत होतं. कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी पार्काच्या कट्ट्यावर बसले आणि पाऊण तास एका कानात बोट घालून फोनवर कमांड सांगत राहिले. समोरून निळे झेंडे घेतलेली माणसं जात होती. काम झाल्यावर आमचे मॅनेजर म्हणाले, "तू नसलीस की अडतंच बघ."

त्यांना ते कौतुक वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते कौतुकच वाटलं.

परतताना लोकलमध्ये जागा मिळाली आणि पुस्तक उघडलं. 'मूकनायक'चा पहिला अंक 31 जानेवारी 1920 चा, हे आमच्या घरात पोरासोरांनाही पाठ असतं. शाळेतल्या भाषणात मी ते तीनदा तरी म्हटलं असेल. पण 5 जुलै 1920 ला बाबासाहेब बोटीने लंडनला निघाले, हेही मला माहीत होतं. या दोन तारखा मी आयुष्यात कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मध्ये जेमतेम पाच महिने. पाक्षिक म्हणजे साधारण अकरा-बारा अंक. आणि मग लिहिणारा माणूस साता समुद्रापार.

पुढच्या अंकांचं काय झालं?

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यात राहिला. वृत्तपत्र सुरू कसं झालं याच्या गोष्टी आपण फार सांगतो. लिहिणारा थांबला तेव्हा ते कुणी आणि कसं सांभाळलं, हे क्वचितच सांगतो.

खाडा आणि बदली

आधी माझ्या आजोबांबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं मला त्यांच्याच शब्दांत कळलं.

आजोबा गिरणीत होते, साचे खात्यात. नायगावच्या बीडीडी चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आमचं सगळं घर. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे यायचे: खाडा आणि बदली. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, त्या दिवसाचा पगार कापला जायचा. आणि बदली म्हणजे त्या दिवशी तुमच्या जागी उभा राहणारा माणूस. गिरणीच्या गेटवर प्रत्येक पाळीच्या आधी बदली कामगार जमायचे. आत कुणाचा खाडा आहे ते पाहून त्यांना घेतलं जायचं. खाडा नसेल तर ते परत घरी. आजोबा स्वतः काही वर्षं बदलीच होते.

लहानपणी मला ही व्यवस्था क्रूर वाटायची, आणि बदली कामगारासाठी ती होतीही. पण त्यात एक साधा हिशेब होता. माणूस आजारी पडणार, गावी जाणार, घरात मयत होणार, हे गिरणीने धरूनच ठेवलं होतं. माणूस नसला तरी माग चालू राहिला पाहिजे, म्हणून गेटवर दुसरा माणूस उभा.

आमच्या क्षेत्रात याच हिशेबाला 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. एक असेल तर धोका. शिवाजी पार्कातल्या त्या दुपारी आमच्या जॉबचा बस फॅक्टर एक होता, आणि तो एक म्हणजे मी.

वृत्तपत्रांनाही हाच प्रश्न लावून पाहता येतो. त्यांचा बदली कोण होता?

ज्यांच्याकडे बदली होता

मराठीत याचं सर्वांत ठळक उदाहरण 'केसरी'चं. 4 जानेवारी 1881 ला, मंगळवारी, तो सुरू झाला. पण एकटा नाही. आजूबाजूला विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, टिळक, नामजोशी, वामन शिवराम आपटे असा गट होता. या मंडळींची शाळा आदल्याच वर्षी सुरू झालेली, आर्यभूषण हा छापखाना हाताशी, जोडीला इंग्रजी 'मराठा'. पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये, कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक या दोघांनाही शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. दीड वर्षाच्या वृत्तपत्राची दोन मुख्य माणसं एकदम आत. चिपळूणकर तर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. तरीही पत्र बंद पडलं नाही. बाकीच्यांनी ते ओढलं.

1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुन्हा 'केसरी' चालू राहिला, न. चिं. केळकरांसारखी माणसं होती. 6 सप्टेंबर 1898 ला मुदतीच्या आधी टिळक सुटले. आता यापुढची तारीख बघा. 'पुनश्च हरिः ॐ' हा त्यांचा प्रसिद्ध अग्रलेख 4 जुलै 1899 चा आहे. म्हणजे सुटकेनंतर जवळजवळ दहा महिन्यांनी! मधल्या काळात ते प्रकृती सुधारायला सिंहगडावर राहिले, मद्रासच्या काँग्रेसला गेले, तिथून सिलोनला जाऊन आले.

हे शब्द माझ्या पिढीला भलत्याच संदर्भात आठवतील. 2020 मध्ये पहिला लॉकडाउन सैल होत होता तेव्हा मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवर 'पुनश्च हरिओम' म्हटलं होतं. तोवर तो आमच्यासाठी वडीलधाऱ्यांचा एक वाक्प्रचार होता. त्याच्यामागे तुरुंगातून आलेल्या एका संपादकाचा अग्रलेख आहे आणि त्या अग्रलेखाच्या मागे दहा महिन्यांची रजा आहे, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं.

1908 मध्ये सहा वर्षं मंडाले. 'केसरी' खाडिलकर आणि मग केळकर सांभाळत होते. टिळक मंडालेत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. 1914 च्या जूनमध्ये ते परत आले तेव्हा त्यांचं वृत्तपत्र जागेवर होतं. आणि सप्टेंबर 1918 मध्ये चिरोलवरच्या खटल्यासाठी ते लंडनला गेले आणि 1919 च्या नोव्हेंबरमध्ये परतले. वर्षाहून जास्त काळ संपादक लंडनमध्ये, आणि पुण्यात अंक निघतोच आहे.

मंडाले ही काही रजा नव्हती. टिळकांनी भोगलं ते भोगलंच. मी फक्त वृत्तपत्राच्या बाजूने बघते आहे. शिकलेली माणसं, छापखाना, वर्गणीदार, ओळखीचे वकील, उधार देणारे सावकार हे सगळं भोवती असलं की एक माणूस सहा वर्षं नसला तरी मंगळवार चुकत नाही.

ज्यांच्याकडे नव्हता

टिळक लंडनहून परतले त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंबईत 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. ती बहुतेक वेळा तिथेच संपते. मला तिच्या पुढे जायचं आहे.

1920 च्या जानेवारीत बाबासाहेब 28 वर्षांचे होते. मी आज त्याच वयाची आहे, म्हणून हे जरा जास्तच टोचतं. ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरी, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. स्वतःचा छापखाना नव्हता.

आणि त्यांच्या डोक्यावर एक मुदत होती. 1916 मध्ये ते कोलंबियातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले होते, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडनच्या विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करायची परवानगी दिली होती. म्हणजे त्यांच्या अभ्यासाला रजा मिळाली होती, लेखी, चार वर्षांची. परत येताना वेगळ्या जहाजाने पाठवलेलं त्यांचं सामान टॉर्पेडोने समुद्रात बुडालं, बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही, हे सगळं त्या रजेतच घडलं. तरीही लंडनमधली जागा राखलेली होती. तिथे संस्था होती, संस्थेकडे नोंदवही होती, आणि नोंदवहीत त्यांचं नाव होतं.

'मूकनायक'ला अशी नोंदवही नव्हती.

1920 चे पहिले सहा महिने कॅलेंडरवर मांडून बघितले तर छाती दडपते. जानेवारीत पहिला अंक. मार्चमध्ये सिडनहॅमची नोकरी सोडली. त्याच महिन्यात 21 आणि 22 तारखेला माणगावची परिषद, शाहू महाराजांच्या उपस्थितीत. मेच्या अखेरीस नागपूरची परिषद. या सगळ्यात पंधरा दिवसांनी एक अंक. जुलैमध्ये बोट. नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, काही मदत कोल्हापूरहून, काही साठवलेला पगार. जायचं हे ठरलेलंच होतं. मग जाण्याच्या आधी पाच महिने वृत्तपत्र कशाला काढलं, असं मला पहिल्यांदा वाटलं. आमच्याकडे नोटीस पिरियडमध्ये कुणी नवं प्रॉडक्ट सुरू करत नाही.

पण थांबायला वेळ नव्हता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा येऊ घातल्या होत्या, कायदेमंडळात कोण बसणार हे ठरत होतं, आणि अस्पृश्यांच्या वतीने बोलणारे दुसरेच होते. जे म्हणायचं ते आत्ताच म्हणायला हवं होतं. आणि शिकायलाही आत्ताच जायला हवं होतं. दोन्ही कामं एकाच माणसाची, एकाच वर्षात.

मागे काम पाहायला ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप होते. पुढे संपादकही तेच झाले. साताऱ्याकडचे, शिकलेले, नंतर मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद झाले. म्हणजे बदली होता, आणि बरा होता. पण बदली नुसता माणूस असून चालत नाही. त्याच्या हातात माग द्यावा लागतो, सूत द्यावं लागतं, आणि अडलं तर विचारायला मुकादम जवळ असावा लागतो. इथे मुकादम लंडनला. टपाल बोटीने जायचं, एका बाजूला दोन-तीन आठवडे. मुंबईतून प्रश्न गेला आणि लंडनहून उत्तर आलं तर महिना उलटलेला, म्हणजे मधले दोन अंक कसेतरी काढून झालेले. आम्ही दोन सेकंद उशिरा उत्तर देणाऱ्या सर्व्हरला शिव्या देतो.

लंडनमध्ये बाबासाहेबांच्या खिशात फार काही नव्हतं. दिवसभर वाचनालय, अर्धपोटी राहणं, कर्जाची चिंता. किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, जिथे ते त्या काळात राहिले, ते 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे. तिथे गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीने फोटो पाठवले होते: स्वच्छ पायऱ्या, भिंतीवर पाटी. मला त्या फोटोत बसून मुंबईचं टपाल फोडणारा माणूस दिसत होता.

पुढे त्यांच्यात आणि घोलपांच्यात मतभेद झाले. 1923 च्या एप्रिलमध्ये ते परतले ते बॅरिस्टर होऊन, अर्थशास्त्रातली पदवी पुरी करून. 'मूकनायक' त्याच सुमाराला थांबला.

घोलपांना यात खलनायक करायची मला इच्छा नाही. मी बदली म्हणून दुसऱ्याचं काम सांभाळलं आहे. दुसऱ्याच्या डोक्यातलं, कुठेही न लिहिलेलं, पैसे नसलेलं काम सांभाळणं काय असतं ते मला माहीत आहे. ते मोडलं की नाव बदलीचंच खराब होतं.

चोवीस रकाने

पुढचं पत्र 'बहिष्कृत भारत'. 3 एप्रिल 1927. महाडच्या चवदार तळ्याला दोन आठवडे झाले होते. या वेळी संपादक म्हणून नाव थेट त्यांचंच, आणि लेखनही बहुतेक त्यांचंच. एकेका अंकाचे 24 रकाने एकहाती लिहून काढावे लागत होते. वर्षभर हे केल्यावर फेब्रुवारी 1928 मध्ये त्यांनी वाचकांना सरळ हिशेब दाखवला: मी एक पैसा न घेता हे केलं आहे, माझी प्रकृती आणि माझा वेळ यात गेला आहे, मग या पत्राचं ऋण समाजाने फेडायचं की नाही?

हा अग्रलेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा तो निधीसाठीचं आवाहन वाटला. दुसऱ्यांदा तो दमलेल्या माणसाचा वाटला. बाबासाहेबांबद्दल 'दमलेला' हा शब्द आपण वापरत नाही. अठरा तास अभ्यास करायचे हेच आपल्याला सांगितलेलं असतं, आणि त्याचा उपयोग बहुधा आपल्या झोपेची लाज वाटायला लावण्यासाठी होतो.

त्या दोन-अडीच वर्षांत त्यांच्या अंगावर काय काय होतं ते पाहा. मुंबई कायदेमंडळाचं काम. वकिली, तीही गरिबांची. 25 डिसेंबर 1927 ला महाडची दुसरी परिषद आणि मनुस्मृतीचं दहन. लॉ कॉलेजात शिकवणं. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे साक्ष. परळच्या बीआयटी चाळीतलं घर. वर्षभरापूर्वीच गेलेला धाकटा मुलगा राजरत्न.

'बहिष्कृत भारत' 15 नोव्हेंबर 1929 ला थांबलं. एकूण 34 अंक. मी इंजिनीयर असल्यामुळे भागाकार केल्याशिवाय राहवेना. 3 एप्रिल 1927 ते 15 नोव्हेंबर 1929 या काळात पंधरवडे होतात 68 च्या आसपास. म्हणजे ठरलेल्या अंकांपैकी निम्मे निघाले, निम्मे नाही.

शाळेच्या भाषणात मी हे निम्मे न निघालेले अंक कधी मोजले नव्हते. पण इतिहास त्यांच्यातही आहे. प्रत्येक न निघालेल्या अंकाच्या जागी कुठेतरी एक सभा आहे, एक खटला आहे, एक ताप आहे, किंवा नुसते कागदाला पैसे नाहीत. टिळकांच्या तुरुंगवासातला एकही मंगळवार रिकामा नाही आणि इथे संपादक मुंबईत असून पंधरवडे रिकामे आहेत. फरक चिकाटीचा असता तर उलट दिसलं असतं.

लंडन, दुसऱ्यांदा

आता ज्या तारखेसाठी मी हे सगळं लिहिते आहे तिच्याकडे येते.

24 नोव्हेंबर 1930. 'जनता'चा पहिला अंक.

त्या दिवशी बाबासाहेब मुंबईत नव्हते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते बोटीने निघाले होते. 12 नोव्हेंबरला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद सुरू झाली आणि 20 तारखेला त्यांनी तिथे आपलं भाषण केलं. त्यानंतर चार दिवसांनी, हजारो मैलांवर, त्यांच्याशिवाय, त्यांचं वृत्तपत्र जन्माला आलं.

दहा वर्षांपूर्वी लंडनला जाण्याने त्यांचं पहिलं पत्र पोरकं झालं होतं. या वेळी ते लंडनमध्ये असतानाच पत्र सुरू झालं.

मधल्या काळात काय बदललं? संपादक म्हणून नाव होतं देवराव नाईक यांचं. त्यांनी 1928 पासून समाज समता संघाचं 'समता' चालवून हात बसवला होता. पुढे भा. र. कद्रेकर आणि गं. नी. सहस्रबुद्धे यांनीही 'जनता'चं संपादन केलं. यातले सहस्रबुद्धे म्हणजे महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे. नाईक आणि सहस्रबुद्धे दोघेही जन्माने ब्राह्मण. भारतभूषण हा छापखाना आता चळवळीचा स्वतःचा होता. आणि वाचणारा, वाचून दाखवणारा, चार आणे पाठवणारा एक समाज तयार झाला होता, जो 1920 मध्ये नुकताच जागा होत होता.

बाबासाहेब परदेशातून पत्रं लिहायचे, ती 'जनता'त छापली जायची. लंडनहून मुंबईला येणारं टपाल तेच, बोटही तीच. पण 1920 मध्ये त्या टपालातून वृत्तपत्र चालवायचं होतं, आता त्या टपालाने वृत्तपत्रात फक्त एक सदर भरायचं होतं. बाकी अंक इथली माणसं काढत होती.

यानंतर ते दुसऱ्या गोलमेजला गेले, येवल्याची घोषणा झाली, पक्ष काढला, दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात गेले, कायदामंत्री झाले, घटना लिहिली. 'जनता' निघत राहिलं. 4 फेब्रुवारी 1956 ला त्याचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं, तेव्हा त्याची पंचविशी उलटली होती. त्याच वर्षी 6 डिसेंबरला ते गेले. अंक त्यानंतरही निघाला.

माझे आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. चाळीच्या व्हरांड्यात 'जनता' मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण ते सातवी शिकलेले. घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत काही अंक होते, एका पावसाळ्यात गेले. आजोबा सांगायचे, अंकावर बाबासाहेबांचं लिखाण आहे की नाही हे लोक आधी विचारायचे. नसलं तरी ऐकायला बसायचे.

न संपलेला संप

खाडा, बदली हे शब्द माझ्या घरात पुढे कडू झाले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. म्हणजे कागदोपत्री आजोबा अजून संपावरच आहेत. त्यांना वाटलं होतं महिना-दोन महिने. त्यांच्या जागेवर ना बदली राहिला, ना माग, ना शेवटी गिरणी.

म्हणून आमच्या घरात रजेची भीती आहे. पप्पांनी तीस वर्षांच्या नोकरीत ताप असताना हजेरी लावली. रजा शिल्लक राहिली आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळाले, ते मोठ्या अभिमानाने सांगतात. "आपण जागेवरून उठलो की जागा जाते," हे त्यांचं ठाम मत. मी लॅपटॉप घेऊन 6 डिसेंबरला जाते ते काही कामाच्या प्रेमापोटी नाही. हे मत माझ्याही अंगात मुरलं आहे. आणि ते चुकीचं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण गिरणगावात ते खरं ठरलं.

म्हणूनच 'जनता'ची ती तारीख मला धीर देते. जागेवरून उठूनही जागा राहते, पण उठण्याच्या आधी बरंच काही करून ठेवावं लागतं. दुसऱ्याच्या हाताला वळण लावावं लागतं, छापखाना उभा करावा लागतो, स्वतःचं नाव अंकावरून काढून दुसऱ्याचं घालावं लागतं. काहींना हे सगळं घरातूनच मिळतं, म्हणून त्यांना ते दिसत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांना ते बांधायला दहा वर्षं लागतात, एक वृत्तपत्र बंद पडतं, दुसरं अर्धं राहतं. ते दहा वर्षांचं बांधकाम आपण बाबासाहेबांच्या कर्तृत्वात धरत नाही. मला वाटतं ते धरायला हवं.

जानेवारीत मी त्या रात्रीच्या जॉबवर बसले. कुठे अडकतो, का अडकतो, काय बघायचं, कुणाला उठवायचं आणि कुणाला उठवायचं नाही, सगळं लिहून काढलं. अकरा पानं झाली. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाला शेजारी बसवलं आणि मी कीबोर्डला हात न लावता त्याच्याकडून दोनदा करून घेतलं. पहिल्यांदा त्याने चुकवलं. मी ओठ दाबून बसले. मग जबाबदारीच्या यादीत त्या जॉबसमोर माझं नाव खोडून त्याचं टाकलं. ते करताना पोटात गोळा आला, हे इथे कबूल करते.

एप्रिलमध्ये दहा दिवसांची रजा घेतली. पप्पांना घेऊन महाडला गेले. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो होतो. मी चार वेळा फोन काढून बघितला. पप्पांनी विचारलं, "आला का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काय झालं असेल?"

"काही झालं नसेल, पप्पा. तो मुलगा बघतोय."

त्यांनी यावर विश्वास ठेवला असं वाटलं नाही. पण थोड्या वेळाने त्यांनी चपला काढल्या, पाय लांब केले, आणि रुमाल डोळ्यांवर ओढून तिथेच आडवे झाले.